मोरीजवळची एक चौकट

खैरदरीत ग्यानबाला सगळे भित्रा म्हणत, आणि ग्यानबा ते नाकारत नसे. तलावाचा चौकीदारच पाण्याला भितो, याची गावाला गंमत वाटायची. तो पारावरून निघाला की कोणीतरी विचारायचंच, "ग्यानबा, तलाव हाय ना जाग्यावर?" तो थांबायचा आणि खरंच विचारल्यासारखं उत्तर द्यायचा, "मी निघालो तवा तरी होता." मग हशा.

त्याच्या भीतीला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात ही मातीची भिंत उभी राहिली, तेव्हा वीस वर्षांचा ग्यानबा तिच्यावर टोपल्या वाहत होता. कोणत्या आठवड्यात रोलर बंद पडला, कुठे मुकादमाने संध्याकाळ झाली म्हणून ढेकळं तशीच दाबून घेतली, हे त्याने पाहिलं होतं. पुढे तिथेच तो चौकीदार लागला. "बाकीच्यायला भिंत दिसती," तो एकदा मला म्हणाला, "मला आतली ढेकळं दिसत्यात."

रोज सकाळी तो भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. आधी वरून, मग खालून, पायथ्याच्या कडेने. हातात विळा. भिंतीवर गवत माजलेलं साहेबांना चालत नाही, म्हणून एक काडी तो उभी राहू देत नसे. तपासणीला येणारे साहेब म्हणायचे, ग्यानबाची भिंत म्हणजे सारवलेलं अंगण. एवढी एकच शाबासकी त्याच्या वाट्याला आली होती आणि ती तो जपून होता.

त्याचं घर गावाच्या अगदी वरच्या अंगाला होतं, भिंतीपासून तीनशे पावलांवर, मोरीच्या बरोबर समोर. मोरी म्हणजे भिंतीच्या पोटातून कालव्यात पाणी सोडायची नळी. भिंत फुटलीच तर पहिलं घर त्याचं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण बापाची जागा तीच होती.

मी त्याला भेटले ती २००२ सालच्या जानेवारीत. तोवर गावाची गंमत संपली होती.

झालं होतं असं. एका नव्या उपग्रहावरच्या यंत्राने आमच्या भागाचे तापमानाचे नकाशे काढले होते. दिवसा ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा थंड असते, त्यामुळे नकाशात ओल निळी दिसते. खैरदरीच्या तलावाखाली, भिंतीच्या पायथ्याला लागून, एक फिकट निळा पट्टा थेट गावाच्या घरांपर्यंत आला होता. मातीच्या धरणाखाली असा पट्टा दिसला की अर्थ एकच निघतो: भिंत पाझरते आहे. पाटबंधाऱ्याचे शाखा अभियंता तो कागद घेऊन आले, त्यांनी भिंत पाहिली, त्यांना काही सापडलं नाही, आणि त्यामुळे ते जास्तच घाबरले. पंधरा दिवसांत खात्री झाली नाही तर तलाव रिकामा करायचा, असं ते सांगून गेले.

तलाव रिकामा म्हणजे रब्बीचा गहू गेला आणि मेपर्यंतचं प्यायचं पाणी गेलं. न रिकामा करावा तर साठ घरं पाण्याखाली. कागद आला त्याच दिवसापासून लोक दिवस मावळायच्या आत लेकरंबाळं घेऊन माळावर जायला लागले. ज्यांनी वीस वर्षं ग्यानबाची चेष्टा केली, ते आता दिवसातून चारदा त्याच्याकडे येऊन विचारत, भिंत टिकंल का.

माळावर फक्त एक घर गेलं नाही. ग्यानबाची मुलगी शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी होऊन सहा दिवस झाले होते, आणि अंगात बारीक ताप होता. माळावरच्या थंडीत बाळंतीण न्यायची नाही, यावर पार्वतीबाई, ग्यानबाची बायको, ठाम होती. ग्यानबा दाराच्या चौकटीला टेकून बसे, तोंड भिंतीकडे करून.

मी नागपूरच्या उपग्रह-नकाशांच्या केंद्रात नवीन नोकरीला लागले होते. हा निळा पट्टा खरा आहे की यंत्राचा दोष, हे जमिनीवर मोजून यायला मला पाठवलं. सोबत चाळीस थर्मामीटर होते आणि भीती होती, कारण मी चुकले तर काय होईल ते मला जीपमध्येच समजलं होतं. मी पुसेगावची, हे कळल्यावर पार्वतीबाईने मला दुसरीकडे राहूच दिलं नाही. तिचं माहेर पुसेगाव. त्या नात्याने मी भाची झाले आणि ग्यानबा मला पोरी म्हणायला लागला.

मला शंका होती ती अशी. त्या यंत्रात प्रकाश आणि उष्णता टिपणारे बारीक तुकडे अगदी खेटून बसवलेले असतात. कधीकधी एका तुकड्याचा संकेत थोडासा शेजारच्यात झिरपतो. मग जमिनीवर एका जागी असलेली वस्तू नकाशात दुसऱ्या जागीही पुसट उमटते. हे मी ग्यानबाला सांगायला गेले आणि दोन वाक्यांत अडकले. तो म्हणाला, "गोरेगावच्या फोनच्या बूथावर व्हतं तसं का? मी पोरीच्या सासरी फोन लावला तर मदीच कोनीतरी हळदीचा भाव सांगून राहिला. मी म्हनलं, बाबा, मला पोरीची खबर दे, हळद नको."

तेच होतं. क्रॉस कनेक्शन. तलावाची खबर गावाच्या जमिनीच्या फोनवर ऐकू येत होती का, एवढंच मला बघायचं होतं.

उपग्रह सकाळी पावणेअकराच्या सुमारास वरून जायचा. आम्ही पट्ट्यात ऐंशी ऐंशी पावलांवर थर्मामीटर रोवले. ग्यानबा वेळेआधी अर्धा तास तयार होता, धुतलेलं धोतर नेसून. आकाशात काहीच दिसलं नाही. "त्याला आपन दिसून राहिलो का?" त्याने हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. त्याला त्याचं जरा वाईट वाटलं. तीन दिवसांनी पुन्हा मोजलं, पट्ट्यात आणि पट्ट्याबाहेर. जमीन दोन्हीकडे सारखीच कोरडी, सारखीच तापलेली.

मग मी पारदर्शक कागदावर तलावाचा आकार काढला आणि तो नकाशावर पूर्वेला सरकवत नेला. अकरा चौकटी सरकवल्यावर तो निळ्या पट्ट्यावर बसला, काठाच्या खाचेसकट. नकाशातली एक चौकट म्हणजे जमिनीवरचा साठ मीटरांचा चौरस. मी वीस कोसांवरचा दुसरा तलाव शोधला. त्याच्याही पूर्वेला, बरोबर अकरा चौकटींवर, उघड्या मुरमाच्या टेकडीवर तसाच पुसट निळा डाग होता. टेकडीवर ओल असायचं कारण नव्हतं. यंत्रातच दोष होता. तलावाच्या थंडाव्याचे शंभरातले तीन भाग अकरा चौकटी पलीकडे झिरपत होते.

तेवढे तीन भाग मी प्रत्येक चौकटीतून वजा केले. पट्टा पुसला गेला. राहिली फक्त एक चौकट, मोरीजवळची, आसपासच्यांपेक्षा जेमतेम अर्धा अंश थंड.

ग्यानबा कंदिलाजवळ वाकून बघत होता. त्याने त्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे काहून राह्यलं?"

मी म्हटलं, ती यंत्राची खरखर आहे. हजार चौकटींत अशा दहा-बारा निघतातच. आणि त्या चौकटीच्या दोन कोपऱ्यांवर आपणच थर्मामीटर लावले होते, दोन्ही कोरडे निघाले.

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी गोरेगावहून केंद्राला आणि अभियंत्यांना फोन केला: पट्टा खोटा आहे, तलाव रिकामा करायची गरज नाही. गाव माळावरून खाली आलं. बजरंग, ज्याचा गहू भिंतीखालीच उभा होता, पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "ग्यानबा, तुझं भेव आता आभाळात पोचलं गड्या. उपग्रहबी तुला बघून भ्यायला लागला." लोक पोट धरून हसले. ग्यानबाही हसला.

पण संध्याकाळी तो मेव्हण्याकडे गेला. सटवाजी, पार्वतीबाईचा भाऊ, दरवर्षी या दिवसांत शंभर-सव्वाशे मेंढरं घेऊन खैरदरीच्या शिवारात उतरायचा. रिकाम्या रानात कळप रात्रभर बसवायचा, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला आणि त्याबद्दल ज्वारी सटवाजीला, हा जुना रिवाज. ग्यानबाने त्याला सांगितलं की आज कळप भिंतीच्या पायथ्याला खेटून बसव, मोरीच्या दोन्ही अंगांनी, लांबट वाडा करून. ती जागा सरकारी होती, तिथे जनावर बसवायची मनाई होती, आणि ती मनाई सांभाळायचा पगार ग्यानबालाच मिळत होता. सटवाजी म्हणाला, "दाजी, सरकार ज्वारी देतं का खताची?" तरी त्याने वाड्याची जाळी तिथेच लावली. कारण विचारलं नाही. मला वाटतं त्याला माहीत होतं. हिवाळ्यात मेंढरू ओलीवर बसत नाही. दाटीवाटीत दुसऱ्याच्या अंगावर बसेल, पण ओलीवर नाही.

सकाळी कळप उठायच्या आत ग्यानबाने मला हाक मारली. धुकं होतं. मेंढरं पायथ्याला एकमेकांना चिकटून बसली होती, लोकरीची एक लांब गोधडी अंथरल्यासारखी. मोरीच्या डाव्या हाताला त्या गोधडीला भोक होतं. दोन बैलगाड्या मावतील एवढी जागा, आणि तिच्यात एकही मेंढरू नाही. कडेची मेंढरं दाटीने दुसऱ्यांच्या पाठीवर माना टाकून बसली होती, पण त्या जागेत कोणी पाय टाकला नव्हता.

ती जागा माझ्या दोन थर्मामीटरच्या मधोमध होती.

कळप उठवल्यावर ग्यानबा तिथे उकिडवा बसला. वरची माती कोरडी, भुसभुशीत होती. त्याने खुरप्याने वीतभर उकरलं. माती काळी निघाली. हातभर खाली गेल्यावर खड्ड्याच्या तळाशी पाणी हळूहळू डोळा उघडावा तसं चमकलं.

मग जवळची दोन खुंटं त्याने मला दाखवली, विळ्याने जमिनीलगत कापलेली. लव्हाळा. लव्हाळा पाण्याशिवाय उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या लेकराला सांगावं लागत नाही. "सा वर्सं झाली," तो म्हणाला. "हितंच निघतो. साहेब येयाच्या आदल्या दिवशी मी कापून टाकतो. घान दिसती म्हनून. मीच कापला, पोरी. सा वर्सं."

पाण्याला जन्मभर भिणाऱ्या माणसाने पाण्याची खूण स्वतःच्या हाताने दरवर्षी साफ केली होती. आणि मी तीच खूण खरखर म्हणून टाकून दिली होती. आम्ही दोघं त्या खड्ड्याशी बसून राहिलो, आणि घरातून शिवकन्येच्या तान्हीचं रडणं ऐकू येत होतं. तीनशे पावलं.

ग्यानबाला पुढचं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मातीची भिंत थोडी पाझरतेच. पाणी निवळ असेल तर ते नुसतं पाणी आहे. गढूळ आलं तर ते आतून माती घेऊन येत आहे, म्हणजे भिंतीच्या पोटात बीळ पडत चाललं आहे. त्याने औषधाची एक रिकामी काचेची बाटली धुतली, खड्ड्यातून भरली आणि उजेडात धरली. पाणी निवळ होतं. बाटली त्याने खिडकीत ठेवली.

मी गोरेगावला जाऊन अभियंत्यांना फोन केला. ते वैतागले. कालच तुम्ही ओल नाही म्हणालात, तसा कागद वर गेला आहे. आता लेखी पाठवा, सोमवारी येऊन बघतो, तोवर मोरीला कोणी हात लावायचा नाही. तो गुरुवार होता. गावाला काय सांगायचं, हे ग्यानबाने मला विचारलं. एकदा माळावरून परत आणलेल्या लोकांना पुन्हा माळावर कसं पाठवायचं? त्याने बजरंगला तेवढं सांगून पाहिलं. बजरंग मेंढरांचं ऐकून नुसता हसला.

शुक्रवारी बाटली निवळ होती. शनिवारीही. प्रत्येक सकाळी तो नवी बाटली भरायचा आणि कालचीच्या शेजारी ठेवायचा, आणि आम्ही तिघं, पार्वतीबाईसुद्धा, पाणी स्थिर होईपर्यंत श्वास धरून बघायचो. शिवकन्येचा ताप उतरत नव्हता. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिने खिडकीतल्या बाटल्या मोजल्या असाव्यात. लेकरू ती छातीवरून खाली ठेवत नव्हती.

रविवारी सकाळी चौथी बाटली भरली. पाणी आल्या आल्या दुधाळ होतं. खिडकीत ठेवल्यावर हळूहळू तळाशी नखाएवढ्या जाडीचा थर बसला, पिवळसर, मऊ. भिंतीची माती. ग्यानबाने बाटली तिरकी केली, थर हलला, पुन्हा बसला.

त्याने धोतर खोचलं आणि मोरीच्या चाकाची चावी घेतली.

लेखी हुकमाशिवाय मोरी उघडणं म्हणजे नोकरी घालवणं. पेन्शनला आठ वर्षं उरली होती. मी त्याच्यामागे भिंतीवर चढले. मोरीचं चाक गंजलेलं होतं आणि चावी त्याच्या हातून दोनदा खाली पडली. मला वाटलं, तो एका दमात चाक मोकळं करील. त्याने दोनच फेरे दिले आणि थांबला. पाणी एकदम उतरलं तर भिंतीची ओली झालेली आतली बाजू आधाराविना खचते. न सोडलं तरी फुटणार, घाईने सोडलं तरी फुटणार. तासाला दोन फेरे, त्याने ठरवलं, आणि चाकाशेजारी बसला.

कालव्यात पाणी आलेलं बघून गाव धावत आलं. सगळ्यात पुढे बजरंग. त्याच्या हातात काठी होती.

"कोनाच्या हुकमानं सोडलं?"

"कोनाच्याच न्हाई."

"उन्हाळ्यात लेकरायला काय पाजतो रे? तुझं भेव?"

ग्यानबा उठला नाही. त्याने बाटली बजरंगाच्या हातात दिली. "हलवू नको. बघ खाली काय बसलंय ते."

बजरंगाने पाहिलं. त्याच्या बापानेही बहात्तर साली याच भिंतीवर माती टाकली होती. त्याने बाटली मागच्या माणसाला दिली. ती हातोहात मागे गेली, आणि जिथून पुढे गेली तिथे बोलणं थांबत गेलं. शेवटी कोणीतरी बाईने विचारलं, किती येळ हाय आपल्यापाशी. ग्यानबा म्हणाला, "मला न्हाई ठावं, माय. मला लई भेव वाटून राहिलं. तुमी माळावर जा."

या वेळी शिवकन्येलाही नेलं. सटवाजीने तिला आणि लेकराला बैलगाडीत घोंगडीत गुंडाळून वर नेलं, आणि मेंढरांच्या मधोमध, त्यांच्या उबेत, तिची जागा केली. पार्वतीबाईने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं, पण ये म्हणाली नाही. चाक फिरवायला माणूस लागणार होता.

मी त्याच्याजवळ राहिले, हे शौर्य नव्हतं. पायच उचलत नव्हते. प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर तो भिंतीच्या पायथ्याशी उतरून खड्डा बघायचा आणि वर येऊन चाकाशी बसायचा. बजरंग दुपारी परत आला आणि आळीपाळीने चाकाला हात लावायला लागला. दोन दिवस असे गेले. सोमवारी येतो म्हणालेले अभियंता मंगळवारी आले, तोवर पाणी मोरीच्या तोंडाशी उतरलं होतं आणि आतल्या बाजूची भिंत उघडी पडली होती.

चिखलात, मोरीच्या नळीला लागून, एक बीळ होतं. तोंड घागरीएवढं. अभियंत्यांनी एक लांब बांबू मागवला. ग्यानबाने तो आत सारला. नऊ हातांचा बांबू शेवटच्या पेरापर्यंत आत गेला आणि कशालाच लागला नाही. काठावर उभं असलेलं सगळं गाव ते बघत होतं. कोणी हसलं नाही, कोणी ग्यानबाला शाबासही म्हटलं नाही. ग्यानबाने बांबू तिथेच सोडला आणि तो चिखलातच बसला. सटवाजीने आपलं घोंगडं त्याच्या पाठीवर टाकलं.

तो उन्हाळा वाईट गेला. गहू अर्धा जळाला. बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या आणि येता जाता ग्यानबाच्या दारावरून शिव्या देत होत्या. बीळ सगळ्यांनी पाहिलं होतं, पण पाण्याची घागर डोक्यावर असताना ते आठवत नाही. मी केंद्राला माझा अहवाल दुरुस्त करून पाठवला: दोष वजा केल्यावर जी चौकट उरते ती खरखर म्हणून टाकू नये, तिथे माणूस पाठवावा.

ग्यानबाला मार्चमध्ये कारणे दाखवा नोटीस आली. हुकमाशिवाय मोरी का उघडली, सरकारी जागेत मेंढरं का बसवली. उत्तर लिहायला त्याने मलाच बोलावलं. मी दोन पानं तयार करून नेली होती, पाझर, गढूळपणा, नकाशा, सगळं क्रमाने. ती त्याने ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली.

"एवढं नको," तो म्हणाला. "ल्ही. लव्हाळा मी कापला, ती माझी चुकी. पानी गढूळ आलं. घरात सा दिसाची बाळंतीन होती. मला भेव वाटलं म्हनून उघडली."

मी दिवस दुरुस्त करायला गेले. मोरी उघडली तेव्हा शिवकन्येला वीस-बावीस दिवस झाले होते. त्याने मान हलवली. तेच राहू दे, निळ्या पट्ट्याचा कागद आला तेव्हापासूनच भेव मोजायचं, म्हणाला, आणि सही केली.